टाकी रिकामी, तरी मीटर ‘फुल्ल’ का दाखवतो? कॅरव्हॅन धंद्यातला मोजमापाचा धडा



व्हिडिओत आपण कॅरव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्याचं गणित बघितलं. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो, बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच सेलू तालुक्यात आहे, सेवाग्रामही जवळ. म्हणून सिंदीत बसूनही हा विचार करता येतो. पण गाडीचा हप्ता, डिझेल, ड्रायव्हर हे सगळे मोजतात; टाकी कोणी मोजत नाही. आणि ग्राहक सगळ्यात जास्त चिडतो तो टाकीमुळेच. कुटुंब गाडीत आहे, रात्रीची वेळ आहे आणि संडास भरून वर आला, तर तो ग्राहक परत येईल का?

गाडीत टाक्या तीन

१. वापरायच्या चांगल्या पाण्याची
२. बेसिन आणि आंघोळीच्या सांडपाण्याची
३. संडासाच्या मैल्याची

किती भरलं हे आतल्या पॅनलवर दिवे दाखवतात. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या भिंतीतून वेगवेगळ्या उंचीवर धातूचे स्क्रू आत काढलेले असतात. पाणी स्क्रूपर्यंत पोचलं की त्यातून बारीकसा करंट जातो आणि दिवा लागतो. म्हणजे सेन्सर लिटर मोजत नाही. “इथे ओलं आहे का?” एवढंच तो सांगतो.

गडबड इथेच होते. मैल्याच्या टाकीत कागद आणि घाण स्क्रूला चिकटते, सांडपाण्याच्या टाकीत तेल-साबणाचा थर बसतो. टाकी रिकामी केली तरी तो थर ओलाच राहतो, त्यातून करंट जातो आणि मीटर ‘फुल्ल’ म्हणतो. चांगल्या पाण्याच्या टाकीत उलटं होतं. जड पाण्याचा पांढरा क्षार स्क्रूवर बसला की करंट अडतो आणि भरलेली टाकी रिकामी दिसते.

दोष कुठे आहे, हे असं शोधा

१. टाकी पूर्ण रिकामी करा. साफ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा.
२. पॅनल बघा. तरीही ‘फुल्ल’ असेल तर बाहेरून त्या स्क्रूची वायर काढा.
३. दिवा विझला तर घाण टाकीच्या आत आहे. विझला नाही तर वायरिंग किंवा पॅनलमध्ये दोष आहे.
४. घाण असेल तर अर्धी टाकी पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण टाका, गाडी २०-३० किलोमीटर फिरवा. आतलं पाणी हिंदकळून थर सुटतो. मग ठरलेल्या जागीच रिकामी करा. नाल्यात किंवा कोणाच्या वावरात नाही.
५. हातमोजे घाला. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र टाकू नका, विषारी वायू होतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर टाकीला बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात. ते घाणीला लागतच नाहीत, म्हणून कमी फसतात. पण खर्च करण्याआधी वरच्या पाच पायऱ्या करा.

मीटर म्हणजे अंदाज, नोंद म्हणजे पुरावा

धुतलेल्या टाकीत २० लिटरच्या कॅनने मोजून पाणी भरा. कोणता दिवा किती लिटरला लागला ते लिहा आणि पॅनलजवळ स्टिकर लावा. टाकीचा आकार सरळ नसतो, त्यामुळे एक तृतीयांशचा दिवा म्हणजे एक तृतीयांश पाणी असेलच असं नाही.

आता माणसांचा हिशोब. समजा मैल्याची टाकी १०० लिटरची आहे. मैला तळाला चिकटू नये म्हणून सुरुवातीला १० लिटर पाणी टाकलं. गाडीत ४ माणसं, प्रत्येकी दिवसाला ५ वेळा, दर वेळी सगळं मिळून २ लिटर. म्हणजे रोजचे ४० लिटर. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी टाकी ९० वर! मग नियम सोपा: मीटर काहीही म्हणो, दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करायची. माणसं जास्त असतील तर त्याआधी. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदला, पद्धत हीच ठेवा.

आणखी एक. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, जड मैला आत साचतो आणि सेन्सर आणखी लवकर फसतो.

गाडी देताना टाकी ग्राहकासमोर रिकामी दाखवा, तारीख-वेळ टाकून दोघांच्या सह्या घ्या. “भाऊ, टाकी आधीच भरलेली होती” हा वाद आणि डिपॉझिटची ओढाताण तिथेच संपते.

गाडी घ्यायला पैसे नाहीत? मग हे ऐका

सिंदीत स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीला मोटर आपोआप चालू-बंद करणारं सेन्सर लावलेलं असतं ना? धातूचे रॉड असतील तर तत्त्व तेच. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला की टाकी भरूनही मोटर थांबत नाही, पाणी आणि वीज दोन्ही वाया. दोन रॉडमध्ये ओला गाळ अडकला तर टाकी रिकामी असून मोटर लागत नाही. लोक नवीन कंट्रोलर विकत घेतात, पण कधीकधी रॉड साफ केले तरी काम होतं.

टाकी सफाई आणि सेन्सर तपासणी एकत्र विका. समजा एका भेटीचे ५०० रुपये घेतले, पेट्रोल आणि सामानाला १२० गेले, तर हातात ३८० राहतात. वर्षातून दोन भेटींचा करार केलात तर ग्राहक बांधला जातो. वीजजोडणीच्या कामासाठी मात्र जाणकार वायरमन सोबत ठेवा आणि आधी मेन स्विच बंद करा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या घरची टाकी बघा. मीटर काय दाखवतो आणि झाकण उघडल्यावर खरं पाणी किती आहे, हे सात दिवस वहीत लिहा. ज्याला स्वतःच्या टाकीचा हिशोब लागला, त्याने ग्राहकाच्या टाकीला हात लावावा.