वेब ॲपच्या स्पर्धेत विषय घरचाच घ्या
मुलगा किंवा मुलगी वेब ॲपच्या स्पर्धेत उतरायचं म्हणते, तेव्हा सिरोंच्यातल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: याने नोकरी लागते का? लागत नाही. पण मुलाखतीत "तुम्ही स्वतः काय केलंय?" असं विचारल्यावर गुणपत्रिकेखेरीज चालतं काहीतरी उघडून दाखवता येतं. एवढ्यासाठी भाग घ्यावा. बारावीच्या वर्षी मात्र नको.

महाविद्यालयीन मुलांसाठी सर्वांत ओळखीची स्पर्धा म्हणजे 2017 पासूनची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. एकाच महाविद्यालयातल्या सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी महाविद्यालयातच निवड होते, मग नेमलेल्या प्राध्यापकांमार्फत नावं जातात. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तास चालते. विषय बहुतेक मंत्रालयं आणि उद्योग देतात, पण स्वतःची कल्पना मांडायलाही एक गट असतो. आपल्या मुलांनी तिकडे नीट पाहावं.

कारण विषय शोधायला सिरोंच्याबाहेर जायची गरजच नाही. तेंदूपत्त्याचंच घ्या. मे महिन्यात फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मुन्शी वहीत कुणाचे किती पुडे आले ते लिहितो. पुडा 70 पानांचा, दर शेकड्याचा, आणि हिशेबावरून कुरबुर नेहमीची. नाव, तारीख, पुडे आणि आपोआप निघणारी बेरीज, एवढं एका पानावर आलं तरी ॲप झालं. मराठीबरोबर तेलुगूतही हवं, हे इथल्या मुलाला सांगावं लागत नाही. दूरच्या शहरातला संघ हे घरी बसून सुचवू शकणार नाही.

खरी परीक्षा रेंज गेल्यावर होते. नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि नेटवर्क आलं की वर गेली पाहिजे. ब्राउझरमधल्या 'सर्व्हिस वर्कर' आणि 'इंडेक्सडीबी' या सोयींनी हे जमतं. इथे एक फसगत हमखास होते. नोंद वर जाते, पण पोचल्याचा निरोप परत येत नाही. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एका बाईचे शंभर पुडे दोनशे होतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने नोंद पुन्हा धरायची नाही. एवढं समजावून सांगू शकणारा मुलगा परीक्षकांना लगेच कळतो. एआयकडून उतरवून घेतलेला कोडही तितक्याच लवकर कळतो, पहिल्याच "हे असं का?" ला.

शिकायला क्लासचे हजारो रुपये घालू नका. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये मराठीतूनही धडे आहेत. रेंज मिळेल तेव्हा उतरवून ठेवायचे, नंतर नेटशिवाय पाहायचे. घरी लॅपटॉप नसेल तर महाविद्यालयाची लॅब सुटीतही उघडी मिळावी म्हणून पालकांनी प्राचार्यांना भेटावं. पालकांच्या शब्दाला वजन असतं. नोंदणीलाच पैसे मागून सगळ्यांना प्रमाणपत्र वाटणाऱ्या स्पर्धा सरळ सोडाव्यात.

मुलीला अंतिम फेरीसाठी परराज्यात पाठवावं लागेल, ही धास्ती मी समजू शकतो. सोबत कोण प्राध्यापक आहेत, मुक्काम कुठे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या आणि जाऊ द्या.

अलीकडे ही फेरी डिसेंबरात होते. म्हणजे मे महिन्यात एखाद्या ओळखीच्या फळीवर ॲप वापरून बघायला वेळ आहे. मुन्शीची वही त्या हंगामात बंद करायची नाही. रोज संध्याकाळी दोन्हींतली बेरीज ताडून पाहायची आणि जिथे चुकली ते लिहून ठेवायचं.