‘बॅक’ नावाची फाइल

भाड्याच्या डेबियन सर्व्हरवर मी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कचा रिले चालवते. टॉरमध्ये माहितीचा प्रवास सहसा तीन रिलेंमधून होतो आणि समोरच्या संकेतस्थळाला फक्त शेवटच्याचा, म्हणजे एक्झिट रिलेचा पत्ता दिसतो. तक्रारीही त्याच पत्त्यावर येतात. म्हणून एक्झिट चालवायचा तर होस्टिंग कंपनीला आधी विचारावं लागतं. या सर्व्हरसाठी मी विचारलं नव्हतं, कारण इथे मला मधलाच रिले चालवायचा होता.

तरीही नवव्या दिवशी कंपनीची मेल आली: तुमच्या पत्त्यावरून कुणाच्या तरी सर्व्हरमध्ये शिरण्याचे प्रयत्न झालेत, 24 तासांत खुलासा करा. पोटात गोळा आला. रिलेच्या सेटिंगची फाइल ‘रिले.कॉन्फ’ उघडून पाहिली, तर ‘एक्झिटरिले 0’, म्हणजे एक्झिट बंद, अगदी स्पष्ट लिहिलेलं.

चूक शेजारच्या फाइलमध्ये होती. टॉरची मुख्य सेटिंग फाइल ‘टॉरआरसी’ आटोपशीर राहावी म्हणून मी ‘इन्क्लूड’ने एक आख्खा फोल्डर जोडला होता. जुन्या सर्व्हरवर मी परवानगी घेऊन एक्झिट चालवत असे. तिथली फाइल आणून बदलण्याआधी तिची प्रत ‘रिले.कॉन्फ.बॅक’ नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डर जोडला की टॉर त्यातल्या सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने वाचतो. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या तेवढ्या सोडतो. ‘बॅक’ नंतर वाचली गेली आणि एकेरी पर्यायात शेवटची किंमत लागू होते. तिच्यात ‘एक्झिटरिले 1’ होतं.

टॉरने मला सांगितलंही होतं. ‘व्हेरिफाय-कॉन्फिग’ने केलेल्या तपासणीत ‘पर्याय एकाहून जास्त वेळा आला, शेवटचा सोडून बाकीचे दुर्लक्षिले जातील’ अशी सूचना होती. शेवटी ‘कॉन्फिगरेशन वैध’ दिसलं आणि मी पुढे गेले. वैध म्हणजे मला हवं ते, असं नसतं.

रिले चालवणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगते:

जुन्या प्रती त्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. टॉर 0.4.5 पासून ‘इन्क्लूड’मध्ये तारांकन चालतं, फक्त ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीच जोडा. नावांना 10, 20, 30 असे आकडे लावा, म्हणजे क्रम डोळ्यांना दिसतो.

‘व्हेरिफाय-कॉन्फिग’ रूट म्हणून चालवू नका. ‘डेबियन-टॉर’ या वापरकर्त्याच्या नावाने चालवा आणि प्रत्येक सूचना वाचा. मग ‘डम्प-कॉन्फिग शॉर्ट’ने सगळ्या फाइली मिळून बनलेलं खरं चित्र पाहा.

डेबियनवर ‘टॉर’ सेवेची स्थिती पाहून फसू नका. ती नावापुरती असते. खरी सेवा ‘टॉर@डीफॉल्ट’, तिचाच लॉग वाचा. काही तासांनी टॉरच्या ‘रिले सर्च’वर आपला रिले शोधा, नको असताना ‘एक्झिट’ची खूण दिसली, तर लगेच सेवा थांबवा.

मी तेच केलं, प्रत हलवली आणि कंपनीला घडलं तसं कळवलं. सर्व्हर वाचला. आता कुठलाही बदल केला, की त्या फोल्डरची यादी पाहिल्याशिवाय मी सेवा सुरू करत नाही.