गोरेपणा विकू नका, भरवसा विका : कॉस्मेटिकच्या दुकानाचं खरं गणित



"ताई, एक लाख रुपये जमवलेत. गावात लेडीज शॉपी टाकू का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी शेवगावहून, कधी राहुरीहून, कधी अकोल्याच्या इकडून (म्हणजे आपल्या अकोले तालुक्यातून!). माझं उत्तर ठरलेलं आहे. टाका, पण आधी घरातला आरसा आणि न्हाणीघर नीट बघून या.

आजच एक काम करा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरातली माणसं अंगाला, केसांना, दातांना काय काय लावतात ते वहीत लिहा. आपल्या आजीच्या वेळी ही यादी चार ओळींची होती : खोबरेल, शिकेकाई, घरी धरलेलं काजळ आणि मेण-कुंकवाची डबी. आज पाच माणसांच्या साध्या शेतकरी घरात टूथपेस्ट, अंगाचा साबण, हँडवॉश, शाम्पूची पुडी, तेल, फेसवॉश, पावडर, बॉडी लोशन, टिकल्या, लिपस्टिक, नेलपॉलिश, हेअर डाय, दाढीचं क्रीम, डिओ आणि सॅनिटरी पॅड इतकं सहज निघतं. त्यातल्या निम्म्या वस्तू महिन्याच्या महिन्याला संपतात. संपणारी वस्तू म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक. हा धंद्याचा पाया आहे.

गिऱ्हाईक नक्की काय विकत घेतं?

"मेकअप म्हणजे चैन" असं अजूनही पुष्कळ जण म्हणतात. पण काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की वेगळंच दिसतं. गिऱ्हाईक चार कारणांनी येतं.

पहिलं कारण स्वच्छता. साबण, पेस्ट, शाम्पू, पॅड. याला मंदी नाही.

दुसरं, त्वचेचं रक्षण. भेगाळलेल्या टाचा, थंडीत फुटलेले ओठ, उन्हानं काळवंडलेला चेहरा. उन्हाचं क्रीम फक्त कॉलेजच्या मुलींनी घ्यावं असा समज आहे. दिवसभर कांद्यात खुरपणाऱ्या बाईइतकं ऊन कोण घेतं सांगा? तिला कोणी ते दाखवलंच नाही, म्हणून तिनं मागितलं नाही.

तिसरं, सण आणि शृंगार. कुंकू, टिकल्या, मेंदी, दिवाळीचं उटणं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण.

चौथं कारण आत्मविश्वास. सुप्याच्या एमआयडीसीत मुलाखतीला निघालेला मुलगा डिओ आणि फेसवॉश घेतो तेव्हा तो सुगंध घेत नसतो, चारचौघांत ताठ उभं राहण्याची हिंमत घेत असतो. ही गरज खरी आहे. आणि खरी असल्यामुळेच तिचा गैरफायदाही घेतला जातो. त्यावर पुढे बोलू.

लहान खिशाला कमी लेखू नका. तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये फक्त १५,००० रुपयांत शाम्पूचा धंदा सुरू केला. 'चिक' शाम्पू त्यांनी पुडीत विकला आणि गावोगाव मुलांचे केस धुऊन दाखवले. बाटली परवडत नव्हती त्या घरात पुडी पोचली. आज त्या कंपनीला आपण केविनकेअर म्हणून ओळखतो. धडा साधा आहे : गिऱ्हाइकाला गरज असतेच, आपलं काम ती त्याच्या खिशात बसवून द्यायचं.

आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर भिंतीवर लावा

पुस्तकातलं मार्केटिंग मी बीबीएला शिकले. माल कधी भरायचा हे मात्र मला जिल्ह्यानं शिकवलं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्यावर निघतात. त्याआधी ती चार-पाच महिन्यांचं सामान भरतात, त्यात तेल, साबण, पावडरही असते. नंतर त्या गावांत शुकशुकाट असतो, पाडव्याच्या आसपास माणसं परततात. म्हणजे तिथल्या दुकानदारानं डिसेंबरात मोठा माल भरणं म्हणजे पैसा अडकवणं.

उलट राहाता, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूरच्या पट्ट्यात जिथं दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, तिथं पगारानंतरचे दोन दिवस गल्ला बरा असतो. मोठे पॅक त्या दिवशी पुढे मांडा, बाकीच्या दिवशी पुड्या पुढे.

नवरात्रात मोहटादेवी, होळी ते पाडवा मढीची कानिफनाथांची यात्रा. यात्रेत टिकल्या, बांगड्या, लहान आरसे, छोट्या पावडरी चालतात, महागडं फाउंडेशन चालत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, तेव्हा मेंदी, नेलपॉलिश, ब्लीच, फेशियल किट. थंडीत कोल्ड क्रीम आणि पेट्रोलियम जेली, पण ती जानेवारीअखेर संपली पाहिजे. फेब्रुवारीत उरलेलं कोल्ड क्रीम पुढच्या थंडीपर्यंत तुमच्याकडे बघत बसतं.

मार्जिन मोठं की फिरणं मोठं?

नवीन दुकानदार इथं चुकतो. समजा दोन वस्तूंत तुम्ही प्रत्येकी १०,००० रुपये घातले.

साबण-पेस्ट-शाम्पू : नफा १० टक्के. माल महिन्यात संपतो. महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये.

लिपस्टिक-फाउंडेशन : नफा ३५ टक्के. माल संपायला आठ महिने. वर्षात दीड फेरा, म्हणजे ५,२५० रुपये. त्यात न खपलेल्या शेड आणि मुदत संपलेला माल वजा करा.

म्हणजे ३५ टक्केवाला माल कमी कमावतो! पण म्हणून तो ठेवायचाच नाही असं नाही. साबण किराणा दुकानातही मिळतो. लिपस्टिक, टिकली, क्लिप यांच्यासाठी गिऱ्हाईक तुमची पायरी चढतं. फिरणारा माल घर चालवतो, शृंगाराचा माल दुकानाला ओळख देतो.

एक लाखाचं माझं वाटप असं : ५०,००० रोजच्या वस्तू, २०,००० शृंगार, १५,००० हंगामी माल आणि १५,००० हातात रोख. रोख ठेवायलाच पाहिजे, कारण पहिल्या तीन महिन्यांत गिऱ्हाईक तुमच्याकडे नसलेलीच वस्तू मागतं.

जीएसटीकडेही लक्ष द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, साबणाची वडी, टाल्कम पावडर, शेव्हिंग क्रीम यांचा दर १८ वरून ५ टक्के झाला. लिपस्टिकसारख्या वस्तूंवर १८ टक्केच आहे. कुंकू आणि टिकलीवर कर नाही. जुन्या दरानं लावलेली किंमत आणि नवी किंमत यांत घोळ करू नका, गिऱ्हाईक पावती वाचतं.

माझी चूक, आणि ती काय शिकवून गेली

दुकानाला तिसरं वर्ष होतं. एक फिरता विक्रेता "सात दिवसांत गोरेपणा" सांगणारं क्रीम घेऊन आला. साधी पांढरी डबी, वर फक्त नाव. ६० ला खरेदी, १५० ला विक्री. बिल नाही. मी दोन डझन घेतल्या आणि त्या आठवड्यात संपल्यासुद्धा.

त्यातली एक डबी साखरपुड्याच्या तयारीत असलेल्या मुलीनं नेली. पहिले काही दिवस चेहरा उजळला, मग लाल झाला, मग सोलायला लागला. तिची आई दुकानात आली. मला वाटलं भांडेल. तिनं डबी काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तुमच्याकडून घेतलं म्हणून घेतलं हो."

त्वचारोगतज्ज्ञाचा खर्च मी दिला. ज्यांना डब्या विकल्याचं आठवत होतं, त्यांच्या घरी जाऊन "लावू नका" सांगितलं, पैसे परत केले. विक्रेत्याचा फोन लागेना, आणि बिल नसल्यानं माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मुलीचा चेहरा काही महिन्यांत बरा झाला. त्या गल्लीतलं गिऱ्हाईक परत यायला वर्ष लागलं. दोन डझन डब्यांचा नफा किती होता? २,१६० रुपये.

पुढे २०२३ च्या सुरुवातीला विदर्भातल्या अकोल्याची बातमी वाचली आणि माझे हात थंड पडले. तिथल्या एका घरातल्या दोन बहिणी आणि त्यांच्या आईच्या किडन्यांना इजा झाली होती. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतून शरीरात जातो. तो त्वचेचा रंगद्रव्य बनवण्याचा वेग रोखतो म्हणून माणूस उजळ दिसतो, पण नुकसान मात्र आत किडनीला होतं.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. पॅकवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाहीच, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळणारं औषध आहे. आपल्या दुकानात त्याला जागा नाही, मग शेजारचा विकत असला तरी.

माल घेताना ही सहा ठिकाणं बघा

देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. त्यांचा अर्थ दुकानदाराच्या भाषेत असा :

१. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का?
२. उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे का?
३. बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत आहे का?
४. घटकांची यादी आहे का?
५. वजन आणि एमआरपी छापलेली आहे का?
६. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का?

यातलं एकही नसेल तर माल परत. आणि सातवी गोष्ट, पक्कं बिल. तपासणीत अधिकाऱ्यानं विचारलं तर माल कोणाकडून घेतला हे दुकानदाराला सांगावं लागतं. बिल नसेल तर बोट तुमच्याकडेच.

हेअर डाय विकताना "आधी कानामागे किंवा कोपरात थोडं लावून बघा, खाज आली तर वापरू नका" हे तोंडी सांगा. ही सूचना पॅकवर असते, पण बारीक अक्षरात, आणि आपल्या मावश्यांचा चष्मा घरी असतो.

स्वतःचा साबण, तेल, उटणं करायचंय?

बचत गटाच्या ताईंसाठी हे खास. घरी केलेला साबण किंवा क्रीम विकायला उत्पादन परवाना लागतो. उद्यम नोंदणी मोफत होते आणि ती जरूर करा, पण ती या परवान्याची जागा घेत नाही. परवान्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. स्वतःचा कारखाना परवडत नसेल तर परवानाधारक कारखान्यातून आपल्या नावानं माल बनवून घेण्याचा मार्ग आहे.

आणि दावे जपून करा. "केस गळती बरी होते", "वांग जातात" असं लिहिलं की वस्तू औषधाच्या वाटेला जाते आणि तिचा परवाना वेगळा. सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांतली रेघ किती महत्त्वाची असते हे विकोला विचारा. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये ही कंपनी सुरू केली, दंतमंजन दारोदार फिरून विकलं. पुढे त्यांची हळदीची क्रीम आणि वज्रदंती सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. विको तो जिंकली, पण एवढी लढाई आपल्यासारख्या छोट्या धंद्याला झेपणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लेबल स्वच्छ ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या गावातल्या दहा घरांत वर सांगितलेली यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा : किती दिवसांत संपते, कुठून आणतात, काय मिळत नाही म्हणून तालुक्याला जावं लागतं. शेवटच्या रकान्यात जे तीनपेक्षा जास्त घरांत येईल, ती तुमची पहिली ऑर्डर.

आणि कोणी मुलगी "ताई, गोरं व्हायचं काही आहे का?" म्हणाली, तर तिला उन्हाचं क्रीम द्या, चेहरा धुवायला सांगा, आणि "तुझा रंग चांगला आहे गं" हेही सांगा. त्या दिवशी १५० ची डबी विकली जाणार नाही. पण ती मुलगी पुढची वीस वर्षं तुमच्याच दुकानात येईल, आणि लग्नानंतर माहेरी आली की आधी तुमच्याकडेच डोकावेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरून ठेवा!