लहान मुलांस पोहणे केव्हा शिकवावे?

वैशाखाचे ऊन तापू लागले की गावोगावच्या विहिरी पोहणाऱ्यांनी गजबजून जातात. कोणी पाठीस वाळलेला भोपळा बांधतो, कोणी पांगाऱ्याचे हलके लाकूड, तर कोणी मोटारीची रबरी ट्यूब घेऊन उतरतो. बाप किंवा चुलता मुलाच्या कमरेस दोर बांधून त्याला पाण्यात सोडतो आणि आठ-दहा दिवसांत मूल हातपाय मारू लागते. आपल्या खेड्यांतील ही जुनी शाळा आहे व तिने पुष्कळांना पोहणारे केले आहे. मात्र शहरांतील तलावांवर उन्हाळ्यात अगदी लहान मुलांचेही वर्ग भरतात हे ऐकून, पालक आता गुरुजींना विचारू लागले आहेत की, आमचे मूल अडीच वर्षांचे आहे, त्यास यंदाच शिकवावे काय?

या बाबतीत तज्ज्ञांचे मतही बदलत आले आहे. चार वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल पोहण्याच्या रीतसर शिक्षणास तयार नसते, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली म्हटले होते. २०१० साली तिने हे मत सौम्य केले आणि २०१९ साली, एक वर्षाच्या पुढील पुष्कळ मुलांस अशा शिक्षणाचा लाभ होऊ शकतो, असे सांगितले. त्याच वेळी, शिकलेले मूल बुडणारच नाही असे कोणीही समजू नये, हेही तिने बजावले. यातील पहिली गोष्ट लोकांच्या कानी लवकर पडते. दुसरी वाटेतच राहते. ती पोहोचविणे हे शिक्षकाचे काम होय.

अडीच वर्षांचे मूल पाण्यात काय शिकू शकते, हे आधी नीट पाहावे. उथळ व स्वच्छ पाण्यात, आईबापांच्या हातात असताना ते तोंडावर पाणी घ्यावयास शिकते, पाण्यात फुंकर घालते, पाय मारते, पायरीकडे वळून तिला धरते. या सर्व गोष्टी खेळातूनच याव्यात. धास्तावलेल्या मुलास पाण्यात ढकलले म्हणजे त्याची भीती मोडते, ही समजूत चुकीची आहे. उलट त्या भीतीने पुढील दोन उन्हाळे वाया जातात. लहान शरीर लवकर गारठते, म्हणून ओठ निळसर दिसण्याची वाट न पाहता पाव तासातच बाहेर काढून अंग पुसावे. खोल विहीर या वयासाठी मुळीच योग्य नाही.

जे शिकता येत नाही ते म्हणजे धोक्याची पारख. बापाच्या हातावर पाय मारणारे मूल अंगात कपडे असताना, अचानक, थंड पाण्यात पडले तर त्यास त्यातील काहीही आठवेल याचा भरवसा नसतो. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाहताना तोल गेला की मूल डोक्यावरच पडते. ते ओरडतही नाही, कारण तोंड पाण्यात असताना आवाज निघत नाही. त्यामुळे दहा पावलांवर बसलेल्या माणसासही पत्ता लागत नाही. विहीरच हवी असे नाही. अर्धी भरलेली बादलीसुद्धा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली व त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतील मुलांचा होता.

बांगलादेशातील खेड्यांत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला आहे. तेथे असे आढळले की, आई घरकामात गुंतलेली असते त्या सकाळच्या वेळातच लहान मुले घराजवळच्या तळ्यांत बुडतात. म्हणून पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी 'आँचल' नावाची केंद्रे काढण्यात आली. गावातीलच एक बाई सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत मुलांस सांभाळते. पोहण्याचे शिक्षण मात्र चार वर्षांवरील मुलांस वेगळे दिले जाते. म्हणजे धाकट्यांस पहारा आणि थोरल्यांस पोहणे, अशी वाटणी झाली.

आपल्याकडे उन्हाळा हा पापड-कुरडयांचा, वाळवणाचा काळ. अंगणात चार बायका कामात असतात; प्रत्येकीस वाटते की दुसरीचे लक्ष आहे. अशा वेळी एकीने केवळ मुलांवर नजर ठेवावी व पाळी बदलताना तोंडाने तसे सांगावे, ही गोष्ट पालकसभेत आवर्जून मांडावी. दुसरी गोष्ट शेततळ्याची. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहणारा मोठा माणूसही वर येऊ शकत नाही. त्याभोवती कुंपण हवे, आणि काठावर पक्क्या खुंटास बांधलेला गाठी मारलेला दोर आत सोडलेला हवा. सुट्टीपूर्वी शिवारात अशी किती तळी उघडी आहेत, याची यादी वरच्या वर्गातील मुले सहज करतील. ती ग्रामपंचायतीस द्यावी. मुलांस मात्र ती दुरूनच पाहावयास सांगावे.

खरे पोहणे सहाव्या वर्षापासून, पट पाहून, जाणत्या पोहणाऱ्याच्या हाताखाली शिकवावे. बुडणाऱ्यास वाचविण्यास मुलांनी स्वतः उडी घेऊ नये. दोर, काठी, लुगडे किंवा रिकामा बंद डबा टाकावा व मोठ्यांस हाक मारावी. हा पाठ वर्गातच, बाकांच्या रांगांमध्ये दोर टाकून, करवून घेता येतो.

बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगणे, त्याचे पोट दाबणे किंवा खांद्यावर घेऊन गरगर फिरविणे हे प्रकार अजूनही होतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात. मूल हाकेस ओ देत नसेल व श्वास चालू नसेल तर त्यास पाठीवर निजवून हनुवटी किंचित वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने, छाती एक-तृतीयांश खाली जाईल इतपत, तीस वेळा भराभर दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर येऊन रडू लागले तरी त्यास दवाखान्यात न्यावेच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनंतरही उद्भवू शकतो.