भेटवस्तूची विक्री : मालकी आणि मुर्वत

केंदूर, पाबळ, शिक्रापूर या पट्ट्यातही आता मोबाईलवरील खेळ घरोघरी पोहोचले आहेत. खेळता खेळता, कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या साथीदारांशी तरुणांचा स्नेह जुळतो. त्यांच्याकडून कोणास हेडफोन येतो, कोणास वापरलेला पण चांगला मोबाईल, तर कोणास खेळातील पोशाख वा हत्यारांच्या ‘स्किन’. पुढे पैशांची निकड भासते आणि प्रश्न उभा राहतो : भेट मिळालेली वस्तू विकणे योग्य आहे काय?

शरीअतमध्ये भेटीस ‘हिबा’ म्हणतात. देणाऱ्याने दिली, घेणाऱ्याने स्वीकारून ताब्यात घेतली, की मालकी पालटते. ताब्याची ही अट हनफी मजहबात आहे, तशीच कोकणातील बांधव ज्याचे अनुसरण करतात त्या शाफई मजहबातही आहे. मालकी आली की विकण्याचा अधिकारही आला.

हदीसमध्ये याचा स्पष्ट दाखला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना एक रेशमी पोशाख पाठविला. पुरुषांना रेशीम वर्ज्य असल्याने हजरत उमर (रजि.) संभ्रमात पडले. तेव्हा तो नेसण्यासाठी नव्हे, तर विकून गरज भागविता यावी म्हणून दिला आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे एका रिवायतीत येते. म्हणजे भेट विकणे मुळात गैर नाही. आपल्याकडे लग्नात आलेला आहेर पुढच्या लग्नात दिला जातोच. त्यास कोणी चोरी म्हणत नाही.

परंतु जे मालकीचे नाही, ते विकता येत नाही. हेडफोन हाती आला, तो आपला झाला. खेळातील ‘स्किन’चे तसे नाही. बहुतेक कंपन्या खेळाडूस केवळ वापरण्याची मुभा देतात. खाते विकण्यास त्यांच्या अटींत मनाई असते आणि ती अट मान्य करूनच आपण खेळात प्रवेश करतो. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. अटी न वाचता ‘मान्य’ म्हटले, ही सबब येथे चालत नाही. काही जण खाते विकून पैसे घेतात आणि मूळ मोबाईल क्रमांकाच्या आधारे तेच खाते पुन्हा परत मिळवितात. ही तर उघड फसवणूक होय. तो पैसा हराम आहे.

आता शिष्टाचार.

१. भेट विशिष्ट कामासाठी दिली असेल, तर ते काम आधी पाहावे. शिक्षणासाठी म्हणून सर्वांनी वर्गणी काढून मोबाईल दिला असेल, तर तो विकून चैन करणे हा विश्वासघात आहे. खरीच अडचण असल्यास त्यांना कळवावे.

२. विकण्याच्या हेतूने भेटी मागू नयेत. संपत्ती वाढविण्यासाठी लोकांपुढे हात पसरणारा जणू निखारे गोळा करतो, असा इशारा हदीसमध्ये आहे. अडचणीची खोटी कहाणी सांगून मिळविलेली वस्तू तर भेटच नव्हे.

३. ज्या गटातून भेट आली, त्याच गटात तिचा बाजार मांडू नये. देणाऱ्याचे मन दुखावणे टाळावे.

४. देणाऱ्यानेही उपकाराचा हिशेब ठेवू नये. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहच्या मार्गात दिलेला घोडा घेणाऱ्याने नीट सांभाळला नाही. तो स्वस्तात मिळेल असे वाटून त्यांनी विकत घेऊ पाहिला. प्रेषितांनी (स.) मनाई केली, दिलेले दान परत घेणे त्यांना अत्यंत नापसंत होते.

५. विकताना वस्तूतील दोष लपवू नये. फुकट आलेल्या वस्तूचाही दोष ग्राहकास सांगणे बंधनकारक आहे.

भेटीचा मूळ हेतू परस्परांत प्रेम वाढावे हा आहे. कायद्याने विक्री वैध ठरते, पण वस्तू गेली तरी तिच्यामागचा स्नेह आपल्यावर ऋण म्हणून उरतो. ते ऋण आभाराने, दुआने आणि जमेल तेव्हा स्वतःही भेट देऊन फेडावे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

अल्लाह आपल्या कमाईत हलालची बरकत आणि व्यवहारात मुर्वत देवो. आमीन.