‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या पुतण्यास

चि. समीर यास,


तुझा रिपोर्ट वहिनींनी पाठवला. रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ८.४, म्हणजे मधुमेह. खाली तुझा प्रश्न : ‘काका, मला काहीच त्रास नाही, गोळी सहा महिन्यांनी सुरू केली तर चालेल का?’ नाही चालणार. तू पडलास इंजिनिअर, कारण कळल्याशिवाय ऐकायचा नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

वाढलेल्या साखरेचा मार बसतो तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. त्याला काही काम असेल असं फारसं कुणाला वाटतही नव्हतं. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत. असेटिलकोलीन हे द्रव्य टाकलं की पट्टी आवळायची. पुढे लक्षात आलं, की पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जात होती. अस्तर शाबूत ठेवून तेच द्रव्य टाकलं, तर पट्टी चक्क सैल पडली! हे १९८० साली प्रसिद्ध झालं. अस्तरातून सुटणारा आणि वाहिनी सैल करणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. त्याबद्दल १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं.

आता तुझ्या साखरेकडे येऊ. स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, या अस्तराला लागत नाही. बऱ्याच पेशी बाहेर साखर वाढली की आपलं दार ओढून घेतात. अस्तराच्या पेशींना ते जमत नाही. रक्तातली साखर वाढली की यांच्या आतलीही वाढते. ती जाळताना मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी रेणू जास्तीचा तयार होतो, आणि बाकीची बिघाडसाखळी तिथून सुरू होते, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००४ च्या बँटिंग व्याख्यानात केली. हा सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतो. त्याहून वाईट म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच बिघडून स्वतः सुपरऑक्साइड सोडू लागतं. मग वाहिनी हवी तेव्हा सैल होत नाही, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट भिंतीला चिकटू लागतात, भिंत पाझरते. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड इथल्या बारीक वाहिन्यांना याची झळ फार लागते. मोठ्या वाहिन्यांत कोलेस्टेरॉल साचायला वाट मिळते.

आणि हे होताना दुखत नाही. तुझ्या ‘त्रास नाही’ला माझ्या लेखी शून्य किंमत आहे ती म्हणून.

‘नंतर बघू’चं उत्तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात आहे. टाइप २ मधुमेह नव्यानं सापडलेल्यांपैकी काहींची साखर कसोशीनं आटोक्यात ठेवली, बाकीच्यांना तेव्हाचे नेहमीचे उपचार दिले. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखीच झाली. तरी दहा वर्षांनंतर, २००८ साली पाहिलं, तेव्हा सुरुवातीला कडक सांभाळलेल्या गटात हार्ट अटॅक आणि डोळे-मूत्रपिंडांचे विकार कमीच होते. सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही, चांगली असोत की वाईट.

तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आजच सुरू कर. आई देईल तो कारल्याचा रस खुशाल पी, पण गोळीच्या जागी नको. सिगारेट बंद, ती याच अस्तराला पोळते, आणि ‘दिवसातून एखादीच’ हे मी पेशंटांकडून फार ऐकलंय. ब्लड प्रेशर मोजून घे. रात्री जेवून लगेच लॅपटॉप उघडू नकोस, सूनबाईला घेऊन चालून ये.

चष्मा नीट लागतोय म्हणून डोळ्यांची तपासणी टाळू नकोस. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायचा, आणि मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन बघायचं. दोन्ही याच महिन्यात आणि पुढे दर वर्षी. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा स्कूटर नेऊ नकोस. अपॉइंटमेंट मिळाली की मला तारीख कळव.

तुझा,
काका