कातकामाच्या हत्यारांसाठी ग्राइंडरची निवड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, सिंदी (रेल्वे) येथे भरणारा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. मुले त्या दिवशी आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. काही नंदी तर एकट्या मुलाला ओढता येऊ नयेत एवढे मोठे असतात. नंदीचे धड सुतार वाकस व पटाशी यांनी घडवितो. परंतु त्याखालची गोल चाके खरादावर कातली म्हणजे चांगली फिरतात. श्रावण लागला की कातकाम करणाऱ्या कारागिराचे काम वाढते. एरव्हीही लाटणी, रवी, भोवरे आणि खाटेचे खूर ही कामे वर्षभर चालूच असतात.

या कामात वारंवार येणारी अडचण म्हणजे हत्याराची धार. आपल्याकडील सागवानात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य असते. लाकूड हाताला मऊ लागले तरी त्यातील हे बारीक कण पोलादाची धार झिजवितात. त्यामुळे आंब्याच्या लाकडावर पुष्कळ वेळ टिकणारी धार सागवानावर लवकर बोथट होते. बोथट हत्यार लाकूड कापीत नाही, ते तंतू उपटते. कारागीर अधिक जोर लावतो आणि अशा वेळीच हत्यार अडकून वस्तू फुटते किंवा हातास इजा होते. म्हणून धार दिवसातून अनेकदा लावावी लागते. साध्या दगडावर हे काम फार वेळ घेते, म्हणून कारागीर विजेचा ग्राइंडर घेतो. पण तो चुकीचा घेतला तर वेळ वाचतो आणि हत्यार जाते.

हत्यार कसे जाते, हे प्रथम समजून घ्यावे. खेड्यातील पुष्कळ पटाश्या लोहाराने जुन्या कानशींपासून किंवा मोटारीच्या कमानपाट्यांपासून केलेल्या असतात. हे साधे पोलाद होय. वेगाने फिरणाऱ्या दगडावर ते तापले म्हणजे टोकाशी प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. निळा रंग दिसला म्हणजे पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग पुन्हा कितीही घासला तरी त्यावर धार टिकत नाही. तो झिजवून टाकावाच लागतो. 'एचएसएस' जातीचे पोलाद याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते व साधारण ५०० अंशांपर्यंत आपली कठीणता राखते. दोहोंतील भेद ठिणग्यांवरून ओळखता येतो : साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या असून फुलबाजीप्रमाणे फुटतात, तर एचएसएसच्या ठिणग्या मंद तांबूस असून त्यांस फुलोरा जवळजवळ नसतो. साधे पोलाद घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे. एचएसएस फार तापले असता एकदम पाण्यात बुडवू नये, कारण धारेशी सूक्ष्म तडे पडतात.

यावरून निवडीचे मुख्य सूत्र निघते. ग्राइंडर घेताना त्याच्या अश्वशक्तीपेक्षा दगडाचा वेग व जात यांकडे अधिक लक्ष द्यावे. दुकानदार मात्र अश्वशक्तीच आधी सांगतो, कारण ती सांगणे सोपे आहे.

बाजारात सामान्यतः ६ इंची (१५० मि.मी.) व ८ इंची (२०० मि.मी.) दगडाचे ग्राइंडर मिळतात. मोटार मिनिटास सुमारे २८५० किंवा सुमारे १४४० फेरे घेते. ६ इंची दगड २८५० फेऱ्यांवर असता त्याच्या कडेचा वेग मिनिटास अदमासे १३४० मीटर भरतो. ८ इंची दगड १४४० फेऱ्यांवर असता तो सुमारे ९०० मीटरच राहतो. परंतु तोच ८ इंची दगड २८५० फेऱ्यांवर गेला तर सुमारे १७९० मीटर होतो. कातकामास मधला, म्हणजे मोठा दगड व मंद मोटार हा मेळ उत्तम. दगड मोठा असल्याने पटाशीच्या पात्यास पडणारा खोलगटपणाही कमी राहतो व धार दुबळी होत नाही. असे यंत्र लहान गावी सहज मिळत नाही. ते न मिळाल्यास ८ इंची वेगवान यंत्र घेण्यापेक्षा ६ इंचीच घ्यावे आणि हात हलका ठेवावा. पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याने मोटार तापून जळते.

आता दगडाविषयी. यंत्रासोबत येणारा करडा, खरखरीत दगड लोखंड घासण्यासाठी असतो. कातकामासाठी पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड निराळा विकत घ्यावा. दगडावरील कागदी बिल्ल्यावर अक्षरे व आकडे असतात : 'डब्ल्यूए' म्हणजे पांढरा, ६० किंवा ८० हा दाण्याचा बारीकपणा आणि 'के' हे अक्षर बांधणीची कठीणता. हे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितका दगड कठीण. कठीण दगड जास्त दिवस टिकेल म्हणून पुष्कळजण तोच मागतात आणि येथेच फसतात. मऊ दगडातील बोथट दाणे गळून पडतात, खालून तीक्ष्ण दाणे वर येतात, आणि म्हणून तो थंड राहतो. कठीण दगडाचे दाणे चिकटून राहतात. तो घासण्याऐवजी तापवितो. हिरवा दगड कार्बाइडच्या टोकांसाठी असतो, तो येथे नको. अलीकडे मिळणारे 'सीबीएन' चाक एचएसएससाठी फार चांगले, पण महाग आहे.

दुहेरी यंत्राचा शेतकरी कुटुंबासही लाभ होतो. एका बाजूस करडा ३६ नंबरचा दगड ठेवून त्यावर वखराची पास व कुऱ्हाड घासावी. दुसऱ्या बाजूचा पांढरा दगड पटाश्यांसाठी राखावा. पांढऱ्या दगडावर पास घासू दिली की त्याची कड वाकडी होते, आणि शेजाऱ्यास नाही म्हणणे जड जाते. म्हणून त्या बाजूस झाकण घालून ठेवलेले बरे.

दुकानात यंत्र चालू करून पाहावे. बाकावर ठेवले असता ते थरथरू नये. बंद केल्यावर दगड खूप वेळ सावकाश फिरत थांबावा. हाताने हलविल्यास आसात खेळ नसावा. हत्यार टेकविण्याची पट्टी बहुधा पातळ पत्र्याची असते. ती वाकत असेल तर काढून टाकून अँगल लोखंडाची वेगळी पट्टी बाकासच पक्की करावी. ती दगडापासून ३ मि.मी.हून दूर नसावी, नाहीतर हत्यार खाली ओढले जाऊन दगड फुटतो. त्या पट्टीवर खोलगट पटाशी साधारण ४५ अंशांत व तिरकी पटाशी दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांत धरावी.

नवा दगड चढविण्यापूर्वी तो बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावा. निरोगी दगड खणखणीत वाजतो. तडकलेला बद्द आवाज करतो, तो फेकून द्यावा. दगडावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा अधिक असला पाहिजे. डाव्या बाजूच्या नटास उलटे आटे असतात, हे विसरून पुष्कळ नट नासले आहेत. यंत्र सुरू करताना पहिला मिनिटभर समोर उभे न राहता बाजूस राहावे. चष्मा लावल्याशिवाय व गळ्यातील दुपट्टा काढल्याशिवाय कधीही घासू नये. जोडणी तीन पिनांची व अर्थिंगची असावी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार तसेच बाहुल्या व खेळणी करणारे यांचा समावेश असून, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या ई-व्हाउचरची तरतूद आहे. त्यातून कोणती साधने मिळतात व नोंदणीची सद्यःस्थिती काय, हे ग्रामकार्यकर्त्याने सामाईक सेवा केंद्रातून विचारून कारागिरास सांगावे. ही चौकशी उन्हाळ्यातच करावी, म्हणजे यंत्र श्रावणापूर्वी हाती येऊन हात बसण्यास महिनाभर मिळतो.